मुंग्यांच्या घरातला सुतार

पक्षी बघणं हा जगातला सगळ्यात निरुपद्रवी छंद आहे, अशी माझी समजूत होती. पन्नाशीनंतर मी तो धरला, त्याचं एक कारण तेच. शिकार नाही, पिंजरा नाही, तोडणं-खुडणं नाही. दुर्बीण डोळ्याला लावायची, बघायचं, वहीत नाव लिहायचं आणि गप्प घरी यायचं. जैन घरातल्या बाईला याहून सोयीचा छंद कुठला सापडणार? मोक्ष मिळाला नाही तरी या छंदापायी नरकात तरी जाणार नाही, असं मी मैत्रिणींना चेष्टेनं सांगायची.

ही समजूत मार्चमधल्या एका सकाळी हेमाडग्याच्या रानात गेली.

बेळगावहून आम्ही सातजण अंधारातच निघालो होतो. खानापूर मागं पडलं, शिरोली गेली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली. हा सगळा भाग भीमगड अभयारण्याचा. २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं हे रान आपल्याच जिल्ह्यात आहे, हे बेळगावात जन्म काढलेल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हादई इथल्याच डोंगरांत उगम पावते आणि गोव्याला जाते. वनखात्याच्या पाट्या कानडीत, गावातली बोली मराठी, आणि पाखरांना दोन्हीकडची नावं. सुताराला कानडीत 'मरकुटिग' म्हणतात, म्हणजे झाडाला ठोके देणारा. मराठीनं त्याला थेट धंद्यालाच लावला आहे.

बरोबर वाट दाखवायला जवळच्या वाडीतले एक मामा होते. साठीचे, पायात साध्या चपला, हातात कोयता. पण तो कोयता त्यांनी दिवसभरात एकदाही उगारला नाही. आधी ऐकू आला तो आवाज. लाकडावर भराभर ठोके पडायला लागले, मग सावकाश झाले, मग आणखी सावकाश, आणि शेवटी एखादी फटफटी बंद पडावी तसे अडखळत थांबले. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "या रानात गाडी कुणाची बंद पडली?" मामा हसले. "गाडी न्हवं गुरुजी, सुतार हाय. बघा की, त्या वरच्या गाठीकडं बघा."

सुतार म्हटलं की डोक्यावर लाल तुरा आणि पाठीवर सोनेरी रंग, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढं येतं. हा तसला नव्हता. विटेच्या रंगाचा, साळुंकीहून थोडा मोठा, पंखांवर आणि शेपटीवर बारीक काळ्या पट्ट्या. चोच काळी, इतर सुतारांच्या मानानं आखूड आणि किंचित वाकलेली. नर होता, कारण डोळ्याखाली लाल रंगाचा एक लहानसा ठिपका होता. तेवढाच काय तो त्याचा नट्टापट्टा. इंग्रजीत याला रूफस वुडपेकर म्हणतात. हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या सह्याद्रीपर्यंत आणि तिकडं जावा-बोर्नियोपर्यंत, उष्ण प्रदेशातल्या रानांत हा राहतो. मी वहीत 'विटकरी सुतार' असं लिहिलं, वेळ लिहिली, आणि पुन्हा दुर्बीण लावली.

मामांनी दाखवलेली ती 'गाठ' झाडाची नव्हतीच. फांदीच्या बेचक्यात फुटबॉलएवढा तपकिरी गोळा होता, वर पापुद्र्यांवर पापुद्रे चढलेले. पॅगोडा मुंग्यांचं घर. या बारीक मुंग्या लाकडाचा भुसा, वाळकी पानं, शेण असलं काय काय चावून त्याचा कागदासारखा लगदा करतात आणि झाडावर आपला गाव वसवतात. जरा डिवचलं की पोटाचं टोक वर, पाठीवर उचलून धरतात आणि चाव्यांनी अंगाची आग करतात. त्या गोळ्याच्या कुशीत एक गोल भोक होतं. सुतार त्या भोकाशी चिकटून बसला होता आणि शांतपणे मुंग्या खात होता. जीभ बाहेर, जीभ आत. घाई नाही, राग नाही.

"त्येंच्याच घरात अंडी घालतंय आन् त्येंनाच खातंय," मामा म्हणाले. सांगण्यात आश्चर्य नव्हतं. शेजारच्या घरची बातमी सांगावी तसं सांगितलं.

हे खरंच तसं आहे. हा सुतार बहुतेक मुंग्यांवर जगतो आणि अंडी घालायची वेळ आली की झाडाच्या खोडात बीळ न करता या मुंग्यांचं चालतं-बोलतं घर कोरतो. आत दोन-तीन पांढरी अंडी. भोवती हजारो मुंग्या नांदत असतात, आणि त्या पिलांच्या वाटेला जात नाहीत असं निरीक्षकांनी लिहून ठेवलं आहे. पक्ष्याच्या शेपटीला त्या घराचा चिकट लगदा लागलेला असतो आणि त्यात कधी कधी मुंग्यांची तुटकी डोकी अडकलेली सापडतात.

दुर्बीण माझ्या हातात जड झाली. मोराच्या पिसांची पिच्छी मला आठवली. मोरानं आपण होऊन टाकलेली पिसं गोळा करून बांधलेली ती पिच्छी घेऊन मुनिमहाराज बसण्याआधी जागा हळुवार झाडतात, मुंगी असेल तर बाजूला व्हावी म्हणून. एका पाखराचं पीस मुंगीला वाचवायला, आणि दुसऱ्या पाखराच्या पिसात मुंगीचं डोकं.

भोवती बोलणं सुरू झालं होतं. गुरुजी म्हणाले, "निसर्गाचा नियम आहे हा. जीवो जीवस्य." आमच्यातल्या एक बाई, कुठल्याही गोष्टीत गोड बाजू शोधणाऱ्या, म्हणाल्या, "पण बघा ना, किती सुंदर सहजीवन! एकाच घरात दोघं!" मला दोघांचंही पटलं नाही. सहजीवन म्हणायला मुंग्यांच्या पदरात काय पडतं ते तरी दिसायला हवं. आणि निसर्गाचा नियम हे उत्तर नाहीच, ती कुलूप लावून निघून जायची पद्धत आहे. नियम आहे म्हणून प्रश्न संपत असता तर माणसानं एकही व्रत घेतलं नसतं.

मी मात्र काही बोलले नाही. मला तोंड नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी निपाणीच्या घरी माझी आई मोरीत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वय आणि हृदय दोन्ही बघता शस्त्रक्रिया नको ठरलं. ती अंथरुणाला खिळली ती शेवटपर्यंत, जवळजवळ सात महिने. आक्का सांगलीला, मी बेळगावला. मी नोकरी सोडलेली होती, म्हणून मी जाऊन राहिले. तिसऱ्या महिन्यात आईच्या पाठीला जखम झाली. आणि जखमेच्या वासानं मुंग्या आल्या. लाल, बारीक.

माझी आई म्हणजे मुंग्यांची मोठी पाठराखीण. आम्ही लहान असताना बस्तीतल्या पाठशाळेत शिकायचो, की मुंगीला तीन इंद्रियं: स्पर्श, चव आणि वास. माशीला चार, पाखराला पाच. आम्ही ते पाढ्यांसारखं घोकायचो. आई मात्र ते जगायची. ओट्यावर मुंग्यांची रांग लागली तर फडकं मारायचं नाही. रांगेच्या पुढं पिठाची बारीक रेघ ओढत ओढत तिला खिडकीबाहेर न्यायचं. "मी न्हेतो त्येंला, तू हात लावू नको," म्हणायची. (आमच्याकडं बायका असंच बोलतात, 'मी जातो', 'मी करतो'. पुण्याची माणसं हसतात, हसू देत.) पाणी गाळलं की गाळणाचं फडकं परत विहिरीच्याच पाण्यात झटकायची, त्यातल्या न दिसणाऱ्या जीवांना त्यांच्या घरी पोचवायला. आणि हे सगळं कुणाच्या घरात? तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या. आण्णांची वखार घराला लागूनच होती. तिथं मुंगी औषधालाही दिसायची नाही. तंबाखूच्या पानातलं निकोटिन हे झाडानं किड्यांपासून बचावासाठी तयार केलेलं विषच. एके काळी त्याचा अर्क पिकांवर कीड मारायला फवारायचे. त्या पानाच्या बिड्या वळणाऱ्या बायकांचा खोकला आमच्या माजघरात ऐकू यायचा. पंडितांनी याला एक खाना करून ठेवला होता: उद्योगी हिंसा, गृहस्थाला सुटत नाही ती. आई त्या खान्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त पिठाची रेघ ओढत राहिली.

तर त्या मुंग्या. पहिल्यांदा मी चादरी बदलल्या, कॉट भिंतीपासून लांब ओढली, हळद टाकली. मग लोखंडी कॉटच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. सकाळी वाट्यांत मुंग्या बुडून मेलेल्या. आईनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "वाट्या काढ." काढल्या. त्या रात्री ती झोपली नाही. मला उठवायला नको म्हणून कण्हायची नाही, पण अंधारात तिचा हात पाठीकडं जायचा प्रयत्न करतोय, हे कॉटच्या करकरीवरून कळायचं. दोनला उठून बॅटरीच्या उजेडात मी तिच्या पाठीवरच्या मुंग्या एकेक करून कापसानं उचलल्या. तीनला परत उचलल्या. चारला परत.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मुंग्या मारायचा खडू आणला आणि आईला डुलकी लागलेली बघून कॉटच्या चारी पायांभोवती आणि उंबऱ्यावर रेघा ओढल्या. बारा-तेरा रुपयांची वस्तू असेल. पहाटे झाडू मारला तेव्हा सुपलीत मुंग्यांची चिमूटभर लाल रास होती. ती मी परसात ओतली, आई जागी व्हायच्या आत. जागी झाल्यावर तिनं विचारलं, "मुंग्या कुठं गेल्या गं?"

"गेल्या," मी म्हटलं.

रान जसजसं तापलं तसे आम्ही एका ओढ्याच्या काठी बसलो. इतरांनी डबे उघडले. मी विचार करत होते तो सुताराचा की माझा, मला सांगता येत नव्हतं.

डार्विननं १८६० साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहिलं होतं. जिवंत सुरवंटाला आतून खात वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या अळ्यांचा त्यात उल्लेख आहे. दयाळू ईश्वरानं असले जीव मुद्दाम केले असतील यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. आमची या बाबतीत पंचाईत वेगळी. आमच्यात जग करणारा कुणी नाहीच, त्यामुळं तक्रार पाठवायला पत्ताही नाही. जे आहे ते ज्याच्या त्याच्या खात्यावर.

मग सुताराच्या खात्यावर काय लिहायचं? जनावराला नीती नसते असं म्हणून आपली परंपरा त्याला सोडून देत नाही. महावीर पूर्वीच्या एका भवात सिंह होते. दोन मुनींचा उपदेश ऐकून त्या सिंहानं शिकार सोडली आणि उपाशी राहून देह ठेवला, ही गोष्ट लहानपणी ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आता वाटतं, ती गोष्ट सिंहांना सांगायची नाहीच, ती माणसांसाठी आहे. त्या विटकरी पाखरापुढं कुणी कितीही प्रवचन केलं तरी त्याची चोच मुंगीसाठी घडली आहे, जीभ मुंगीसाठी घडली आहे. त्याला दोषी धरणं मला जमलं नाही. आणि गोड बोलणाऱ्या बाईंचं सहजीवनही जमलं नाही. जीव एकमेकांच्या उपयोगी पडतात, हे आपण जैन प्रतीकचिन्हाखाली छापून मिरवतो. पण तत्त्वार्थसूत्रात त्याच्या अगदी आधीचं सूत्र कुणी वाचत नाही. तिथं पुद्गल जीवाला काय काय देतो हे सांगताना सुखाबरोबर दुःख आणि जगण्याबरोबर मरणही त्याच एका शब्दाखाली, उपग्रहाखाली घातलं आहे. तो शब्द आपण समजतो तितका मऊ नाही.

माझ्या खात्यावर लिहिणं आणखी अवघड. हिंसेचे चार प्रकार मला पाठ आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मी खडूला आरंभी म्हणू शकते, घरकामात होते ती. आईच्या अंगावर चाल करून आलेल्यांना अडवलं म्हणून विरोधीही म्हणू शकते. खाने इतके सोयीचे आहेत की कुठल्या ना कुठल्या खान्यात माझी सुपली बसतेच. पण अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात ही सोय ठेवलेली नाही. त्यांचं म्हणणं असं: मनात राग-द्वेष उपजले की कुणी मेलं नाही तरी हिंसा झाली, आणि राग-द्वेषाशिवाय सावधपणे वागणाऱ्याच्या हातून कुणी मेलं तरी ती हिंसा नव्हे. म्हणजे मेलेल्या मुंग्या मोजून उपयोग नाही. रेघ ओढताना मनात काय होतं ते बघायचं.

मला मुंग्यांचा राग नव्हता. रोजच्या मराठीत 'राग' म्हणजे संताप, म्हणून आम्ही पाठशाळेत हे शिकताना नेहमी गोंधळायचो. राग आणि द्वेष दोन्ही एकच की! शास्त्रातला राग वेगळा. राग म्हणजे आसक्ती, माया. ती माझ्यात काठोकाठ होती. मला माझी आई हवी होती, निदान एक रात्र झोपलेली हवी होती. मुंग्या मेल्या त्या माझ्या मायेनं. आणि ही माया मला वाईट म्हणता येत नाही. इथं मी शास्त्राशी भांडत नाही, फक्त सांगते. द्वेषानं केलेली हिंसा कबूल करणं सोपं असतं. ती केल्यावर आपण आपल्याला वाईट दिसतो. मायेनं केलेली हिंसा केल्यावर आपण आपल्याला चांगली मुलगी दिसतो. माझी अकरा वर्षं त्यात गेली.

सुतारही तेच करत होता, असं कुणी म्हणेल. पिलांसाठी घर, त्यांच्यासाठी दाणापाणी. पण दोन गोष्टी त्यानं केल्या नव्हत्या. त्याला पिठाची रेघ ठाऊक नव्हती. मला होती, ती ओढून बघायचं मात्र त्या रात्री मला सुचलं नाही, की थकव्यानं सुचू दिलं नाही. आणि त्यानं काही लपवलं नव्हतं. भर उजेडात, सात माणसांच्या डोळ्यांदेखत बसला होता. मी सुपली पहाटेच्या अंधारात ओतली होती. मला जर खात्री असती की मी बरोबर केलं, तर मी खोटं कशाला बोलले असते?

दरवर्षी दशलक्षण संपलं की आम्ही क्षमावाणीला एकमेकांची क्षमा मागतो. मी शेजारणीची मागते, भावजयीची मागते, फोनवर लांबच्या नातलगांची मागते. मुंग्यांची कशी मागायची? आणि आईला तर खरं सांगायचंच राहून गेलं होतं.

परतीच्या वाटेवर मामांनी विचारलं, "आक्का, फोटो आला न्हवं बरा?"

"काढलाच नाही, मामा."

"आसू दे की. पुढल्या सालाला हितंच कुठंतरी आसंल. त्येला दुसरं घर नाही चालत."

त्या रात्री मी सांगलीला आक्काला फोन केला. पाखराचं सांगायला म्हणून केला आणि खडूचं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बोलता बोलता आवाज घोगरा झाला, तर ती म्हणाली, "रडतीस कशाला? आईला ठाऊक होतं."

"कसं?"

"मी त्या आठवड्यात आलो होतो न्हवं का. तुझ्या फ्रॉकसारख्या त्या निळ्या गाऊनच्या खिशात खडू होता आणि हाताला पांढरं. तिला दिसलं असणार. मला म्हणाली, धाकटीला काय विचारू नको."

मी बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "आणि काय म्हणाली?"

"आणखी काय म्हणणार? रात्री झोप लागली म्हणाली."